बीजाक्षरांची जुळणी

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागांत, पैनगंगेच्या अलीकडे, हिमायतनगर हें तालुक्याचें गांव आहे. त्याचें जुनें नांव वाढोणा. मृग बरसला कीं भोंवतालच्या काळ्या जमिनींत सरकी टोकली जाते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडें फुटून शेतें पांढरीं दिसूं लागतात. हा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. परंतु गेल्या कांहीं वर्षांत जी ‘बीटी’ सरकी या टापूंत पेरली जाते, तिच्या दाण्यांत एक असा लेख आहे, कीं जो कपाशीच्या पूर्वजांनीं कधींहि धारण केला नव्हता. तो मुळांत मातींतील एका जंतूचा. पण जंतूनें लिहिला होता तसाहि तो राहिलेला नाहीं. मनुष्यानें रसायनशाळेंत अक्षरास अक्षर जोडून तो नव्यानें सिद्ध केला आहे. ज्या विद्येच्या बळावर हें घडलें तिचें वय अवघें सत्तर वर्षांचें आहे. तिचा इतिहास येथें सांगावयाचा आहे. आणि तो सांगतांना एक प्रश्न दृष्टीआड होऊं द्यावयाचा नाहीं. लिहिणाऱ्याचें कौशल्य आणि पेरणाऱ्याचें ज्ञान यांत जें अंतर पडतें, त्याचें मोल शेवटीं कोण देतो?

प्रथम या लिपीचा परिचय करून घेऊं. इ. स. १८६९ त फ्रीडरिख मीशर नांवाच्या तरुण स्विस वैद्यानें ट्यूबिंगेन येथें, रुग्णालयांतील पट्ट्यांना लागलेल्या पुवांतून एक फॉस्फरसयुक्त पदार्थ वेगळा काढला. पेशीच्या केंद्रांत सांपडला म्हणून त्यानें त्यास ‘न्यूक्लीन’ असें नांव दिलें. हाच पुढें डीएनए या नांवानें प्रसिद्धीस आला. याच्या अंगीं आनुवंशिक गुण वाहून नेण्याचें सामर्थ्य आहे, हें ऑस्वल्ड एव्हरी व त्यांचे सहकारी यांनीं १९४४ सालीं दाखविलें. आणि १९५३ त वॉटसन व क्रिक यांनीं त्याची दुपेडी रचना उलगडली. शर्करा आणि फॉस्फेट यांची एक लांब सांखळी. तिच्या प्रत्येक कडीवर ॲडेनीन, ग्वानीन, सायटोसीन व थायमीन या चौघांपैकीं एक अक्षर. आणि एका पेडांतील ॲडेनीनसमोर दुसऱ्या पेडांत थायमीन, ग्वानीनसमोर सायटोसीन, असा अभंग नियम. तीन तीन अक्षरांचा एक शब्द होतो, आणि असा प्रत्येक शब्द प्रथिनांतील एका घटकाची, किंवा लेखाच्या समाप्तीची, आज्ञा करतो. चार अक्षरांच्या या वर्णमालेंत जीवसृष्टीचा सारा पसारा लिहिलेला आहे.

लिपी वाचतां आली म्हणजे ती लिहितां येईलच असें नाहीं. येथें तर लिहिण्याची खटपट वाचण्याच्या आधींच सुरू झाली होती. अडचण अशी, कीं डीएनएच्या एका अक्षरकडीस एकच हात नसतो. शर्करेवर दोन ठिकाणीं जोड होऊं शकतो. अक्षरांपैकीं तिघांवर अमाइन गट उघडे असतात. फॉस्फेटहि आपल्या स्वभावाप्रमाणें भलत्याच ठिकाणीं चिकटूं पाहतें. दोन कड्या नुसत्या एका भांड्यांत एकत्र केल्या, तर नेमका हवा तो जोड होण्याऐवजीं नको त्या जोडांचा गोंधळ माजतो. यावर उपाय रंगाऱ्याच्या बांधणीसारखा आहे. वस्त्राच्या ज्या भागास रंग लागूं नये तेथें रंगारी दोरा आवळून बांधतो, मग वस्त्र रंगांत बुडवितो, आणि रंग बसल्यावर गांठी सोडतो. रसायनशास्त्रज्ञासहि हेंच करावें लागतें. जे हात मोकळे नकोत ते तात्पुरत्या आवरणानें झांकावयाचे, एकच हात उघडा ठेवून जोड साधावयाचा, आणि मग, झालेल्या जोडास धक्का न लावतां, आवरण उतरावयाचें. या विद्येचा निम्मा इतिहास म्हणजे योग्य आवरणाच्या शोधाचा इतिहास होय.

पहिला यशस्वी जोड केंब्रिज येथें ॲलेक्झांडर टॉड यांच्या प्रयोगशाळेंत झाला. १९५५ सालीं मायकेल्सन व टॉड यांनीं थायमीनच्या दोन कड्या, निसर्गांत असतात तशाच दुव्यानें, जोडून दाखविल्या. दोन अक्षरें, तींहि एकच. लेख म्हणावा असें त्यांत कांहीं नव्हतें. तथापि निर्जीव द्रव्यांतून, कोणत्याहि पेशीच्या साहाय्यावांचून, जीवाक्षरांचा खरा सांधा मनुष्यास साधतां येतो, एवढें सिद्ध झालें. टॉड यांस १९५७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

त्यांच्याच प्रयोगशाळेंत कांहीं वर्षें काम केलेल्या एका भारतीयानें हें काम पुढें नेलें. हरगोविंद खुराना यांचा जन्म तेव्हांच्या मुलतान जिल्ह्यांतील रायपूर या खेड्यांत झाला. वडील पटवारी होते. निजामाच्या अंमलांत राहिलेल्या मराठवाड्यास हा हुद्दा परका नाहीं. जमिनीची नोंद, सारा आणि हक्क हें सारें ज्याच्या दप्तरांत असे, तो पटवारी. सुमारें शंभर वस्तीच्या त्या गांवांत लिहितां-वाचतां येणारें असें त्यांचें एकच घर होतें, असें खुराना यांनीं स्वतः नमूद करून ठेवलें आहे. इंग्लंड व स्वित्झर्लंड येथील शिक्षण आटोपून ते १९४९ त स्वदेशीं आले. परंतु येथें त्यांस योग्य जागा मिळाली नाहीं. ते पुन्हां इंग्लंडांत, केंब्रिजला, गेले, १९५२ त कॅनडांतील व्हँकूव्हर येथें स्थिर झाले, आणि १९६० त अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत दाखल झाले. फाळणीनें ज्यांचें जन्मगांव परक्या देशांत गेलें आणि स्वदेशानें ज्यांस आसरा दिला नाहीं, अशा या पटवाऱ्याच्या मुलानें पुढें जीवसृष्टीचें दप्तरच लिहावयास घेतलें.

खुराना यांच्या प्रयोगशाळेनें अक्षरांच्या आवरणांचा प्रश्न बहुतांशीं सोडविला. शर्करेच्या एका हातावर घालावयाचें ‘डायमेथॉक्सीट्रायटिल’ हें आवरण सौम्य आम्लानें सहज उतरतें. अक्षरांच्या अमाइन गटांवर घालावयाचीं दुसरीं आवरणें त्या आम्लास दाद देत नाहींत, तीं शेवटीं अमोनियानेंच सुटतात. नांव उच्चारावयास अवघड, पण गुण असा कीं साठ वर्षांनंतरहि त्याला पर्याय शोधण्याची गरज भासलेली नाहीं. या साधनांनीं खुराना यांनीं तीन अक्षरांचे सर्व चौसष्ट शब्द तयार केले, तसेच एकाच क्रमाची पुनरावृत्ति करणारे लांब धागेहि सिद्ध केले. कोणत्या शब्दानें प्रथिनांतील कोणता घटक उपजतो, हें त्यांवरून पडताळतां आलें. आनुवंशिक लिपीचा कोश पुरा करण्याच्या या कामाबद्दल १९६८ चें पारितोषिक खुराना, नीरेनबर्ग आणि हॉली या तिघांस मिळालें.

येथवर शब्द झाले; पुढचा मजल वाक्याचा होता. १९७० सालीं खुराना व त्यांच्या सहकाऱ्यांनीं यीस्टमधील एका जनुकाची, सत्त्याहत्तर अक्षरजोड्यांची, संपूर्ण कृत्रिम प्रत जाहीर केली. पांचपासून वीस अक्षरांपर्यंतचे पंधरा तुकडे रसायनानें घडविले. एका पेडाचा तुकडा दुसऱ्या पेडाच्या दोन तुकड्यांवर अर्धा अर्धा बसेल अशी त्यांची योजना केली. आणि मग त्यांचे सांधे एका एन्झाइमाकरवीं भरून घेतले. भिंतींत विटांचे सांधे एकावर एक न येऊं देणारा गवंडी जें करतो, तेंच हें. परंतु हा जनुक पेशींत कार्य करील याची खात्री नव्हती. कारण लेख कोठें सुरू करावा आणि कोठें थांबवावा हें सांगणारीं चिन्हें त्यांत नव्हतीं. तीं चिन्हें धरून सुमारें दोनशेंसात जोड्यांचा दुसरा जनुक त्यांनीं जुळविला, आणि १९७६ सालीं तो जिवंत जंतूच्या पेशींत खऱ्यासारखा चालला. माणसानें लिहिलेला लेख जिवंत पेशीनें वाचून आज्ञा पाळली.

मात्र या यशासाठीं एका मोठ्या प्रयोगशाळेचीं कित्येक वर्षें खर्ची पडलीं. प्रत्येक जोडानंतर झालेला माल न झालेल्या मालापासून वेगळा करावा लागे. त्यांत दिवस जात आणि द्रव्यहि घटे. या कष्टांतून सुटण्याची युक्ति तोंवर दुसऱ्या ठिकाणीं निघाली होती. दागिने गांठणारा पटवेकरी धाग्याचें एक टोंक खुंटीस अडकवून ठेवतो. त्यामुळें दोन्ही हात मोकळे राहतात आणि ओवलेला मणी हरवत नाहीं. १९६३ सालीं ब्रूस मेरिफील्ड यांनीं प्रथिनांच्या तुकड्यांची बांधणी अशीच अविद्राव्य कणांस बांधून केली. १९६५ त शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत रॉबर्ट लेट्सिंजर आणि महादेवन यांनीं हीच खुंटी डीएनएच्या कड्यांस लाविली. पहिली कडी कणास घट्ट बांधली कीं पुढील सारीं द्रव्यें तिच्यावरून ओतावीं आणि धुऊन काढावीं. चिकटलें तें राहतें, उरलेलें वाहून जातें. वेगळें करण्याचें काम गाळण्यावर आलें.

खुंटी सांपडली, पण गांठ अजून सावकाश बसत होती. १९७५ सालीं लेट्सिंजर यांनीं फॉस्फेटाऐवजीं फॉस्फाइट या अधिक चपळ रूपानें जोड साधून मग त्याचें फॉस्फेट करण्याचा मार्ग काढला. जोड क्षणांत होऊं लागला. पण हीं द्रव्यें इतकीं चंचल, कीं हवेंतील ओलाव्यानेंच बिघडत. लेट्सिंजर यांचे शिष्य आणि खुराना यांच्याजवळ उमेदवारी केलेले मार्व्हिन करुथर्स हे कोलोराडो विद्यापीठांत या प्रश्नास लागले. १९८१ सालीं त्यांनीं व सर्ज बोकाज यांनीं फॉस्फोरॅमिडाइट या नांवाचीं द्रव्यें प्रसिद्ध केलीं. बरणींत कोरडीं ठेवलीं तर तीं स्वस्थ राहतात. टेट्राझोल नांवाचें सौम्य आम्ल मिळालें कीं तत्काळ जागीं होऊन सांधा जोडतात. साठवणीस शांत आणि कामास तत्पर, असे दोन परस्परविरोधी गुण एकत्र आले, आणि तेव्हांपासून आजतागायत जगांतील बहुतेक कृत्रिम डीएनए याच रीतीनें घडविला जातो.

ही रीत चार पायऱ्यांची आहे. कांचेच्या सच्छिद्र कणांस बांधलेल्या कडीचें आवरण प्रथम आम्लानें उतरावयाचें. तेव्हां नारिंगी रंग वाहूं लागतो, आणि त्याच्या गडदपणावरून मागील जोड किती पूर्ण झाला हें समजतें. मग पुढील अक्षराचें द्रव्य सोडून सांधा जोडावयाचा. ज्या थोड्या कड्या जोडावांचून राहिल्या असतील त्यांचीं तोंडें कायमचीं बंद करावयाचीं, म्हणजे चुकीचा लेख पुढें वाढत नाहीं. शेवटीं आयोडीन व पाणी यांनीं सांधा पक्का करावयाचा. हे फेरे हवे तितके झाले म्हणजे अमोनियानें धागा कणापासून सोडवून उरलेलीं आवरणें काढावयाचीं. यांत एक मौज आहे. निसर्ग हा धागा ज्या टोंकाकडून विणीत जातो, त्याच्या उलट टोंकाकडून रसायनशास्त्रज्ञ विणतो. छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्यास अक्षरें उलटीं दिसावीं तसें हें आहे. पायऱ्या ठरल्या, क्रम ठरला, तेव्हां तें काम यंत्राकडे सोंपविणें सोपें झालें. १९८० नंतरच्या दशकांत अशीं यंत्रें प्रयोगशाळांतून फिरूं लागलीं.

तरीहि लेखाची लांबी मनास येईल तेवढी नेतां येत नाहीं, आणि याचें कारण साधें गणित आहे. प्रत्येक जोड शेंकडा ९० यशस्वी झाला, तर वीस अक्षरांच्या धाग्यांत पुरा धागा शेंकडा साडेतेरांच्या आसपासच मिळतो. तोच जोड शेंकडा ९९ झाला, तर शंभर अक्षरांचा धागा शेंकडा ३७ मिळतो. म्हणजे या विद्येंत सारें भाग्य शेवटच्या एका टक्क्यावर अवलंबून आहे. म्हणूनच आजहि एका दमांत शंभर-दोनशें अक्षरांचेच धागे घडवितात, आणि मोठा लेख हवा असल्यास खुराना यांच्याप्रमाणें तुकडे जुळवितात.

या आंखूड धाग्यांनीं जगाचे व्यवहार किती बदलले, याचीं दोन उदाहरणें मध्यमवर्गीय घरांच्या अगदीं परिचयाचीं आहेत. १९७८ सालीं कॅलिफोर्नियांत इताकुरा प्रभृतींनीं २९ लहान धागे घडवून मानवी इन्सुलिनच्या दोन्ही शृंखलांचे जनुक जुळविले आणि ते जंतूंत घालून त्यांजकडून इन्सुलिन करवून घेतलें. १९८२ त तें औषध म्हणून मान्य झालें. तोंवर मधुमेही मनुष्याचा जीव डुकराच्या व गाईबैलांच्या स्वादुपिंडावर अवलंबून होता. दुसरें उदाहरण २०२० च्या साथीचें. नाकांतील स्रावांत विषाणु आहे कीं नाहीं हें ठरविणारी परीक्षा, सुमारें वीस वीस अक्षरांचे कृत्रिम धागे विषाणूच्या लेखांतील ठराविक जागीं जाऊन बसतात, या एकाच गोष्टीवर उभी आहे. ती परीक्षा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंत झाली, तशी नांदेडांतहि झाली. तिच्या मुळाशीं असलेली कल्पना १९८३ सालीं कॅरी मलिस यांस सुचली, आणि त्या वेळीं ते एका कंपनींत असे धागे घडविण्याचेंच काम करीत होते, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

महाराष्ट्रांतहि या विद्येचें एक घर आहे. १९५० च्या जानेवारींत पंडित नेहरूंच्या हस्तें पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. तेथें कृष्ण गणेश हे १९८७ त आले, आणि त्यांनीं व वैजयंती कुमार प्रभृति सहकाऱ्यांनीं न्यूक्लिइक आम्लांच्या रसायनाची परंपरा घडविली. १९९१ सालीं कोपनहेगन येथील नील्सन व त्यांचे सहकारी यांनीं शर्करा-फॉस्फेटाचा कणा सर्वस्वीं काढून त्या जागीं प्रथिनासारखा कणा बसविला होता. अक्षरें तींच, पण पाठीचा कणा निराळा. पुण्याच्या संशोधकांनीं त्या कण्यांत प्रोलीनसारखीं वळीं योजून, असा धागा डीएनएस अधिक निवडकपणें कसा बिलगेल, याचा वर्षानुवर्षें अभ्यास केला. खुराना यांस १९४९ त स्वदेशीं जागा मिळाली नव्हती. चाळीस वर्षांच्या आंत त्याच शास्त्रास पुण्यांत आपलें आसन मिळालें, हें कांहीं लहानसें परिवर्तन नव्हे.

आतां पुन्हां कपाशीकडे वळूं. मराठवाड्याची जुनी कपाशी ‘गावरानी’. आंखूडपणा टाकीत, चांगलें बोंड राखीत, शेतकऱ्याच्या व संशोधकाच्या डोळ्यांनीं निवडलेली. गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानें ‘नांदेड ४४’ हा संकर दिला, आणि तो दूरवर गाजला. पहिलीं दोन्ही कामें निवडीचीं व मीलनाचीं. तिसरें काम लेखनाचें. ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या जंतूच्या एका प्रथिनानें बोंडअळी मरते; पण जंतूचा जनुक जसाच्या तसा झाडांत घातला, तर झाड तें प्रथिन फारच थोडें तयार करी. जंतूचे शब्दप्रयोग झाडाच्या पेशीस मानवत नव्हते. कांहीं अक्षरक्रमांस झाड लेखाची समाप्ति समजे. पर्लॅक प्रभृति अमेरिकन संशोधकांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलें, कीं प्रथिनाचा अर्थ राखून अशा जनुकांतील शेंकडा २१ अक्षरें बदललीं, तेव्हां झाडांतील प्रथिन शंभर पटींपर्यंत वाढलें. मोडींतला मजकूर शब्दहि न बदलतां बाळबोधींत उतरावा, आणि ज्यास मोडी येत नाहीं त्यानें तो घडाघडा वाचावा, तसें हें झालें. कृत्रिम धाग्यांवांचून असें लेखन अशक्य होतें. मराठवाड्यांतच, जालना येथें, १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं स्थापिलेल्या ‘महिको’ बियाणें कंपनीच्या तीन संकरांच्या द्वारें ही कपाशी मार्च २००२ मध्यें भारतांत अधिकृत झाली.

प्रारंभींचीं वर्षें सुखाचीं गेलीं, फवारणी घटली. पण लेख जेथें जातो तेथें त्याला वाचणारा शत्रूहि असतो. गुलाबी बोंडअळीच्या आंतड्यांतील ज्या प्रथिनास हें विष चिकटतें, त्याच प्रथिनाचा अळीच्या शरीरांतील लेख बदललेला आढळूं लागला. भारतांतील अळ्यांविषयीं हें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. गुजराथेंत २०१० च्या सुमारास दिसलेली ही प्रतिकारशक्ति वाढत जाऊन २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रभर कपाशीची नासाडी झाली. मनुष्यानें रसायनशाळेंत लिहिलें त्यास अळीनें शेतांत, निवडीच्या जुन्याच मार्गानें, उत्तर दिलें.

हें घडूं शकतें हें शास्त्रज्ञांस आधींच ठाऊक होतें, आणि त्यावरचा उपायहि पिशवींतच घातलेला होता. साडेचारशें ग्रॅम बीटी सरकीबरोबर एकशेंवीस ग्रॅम साध्या सरकीची निराळी पुडी मिळे. ती शेताच्या कडेनें पांच ओळी, किंवा क्षेत्राच्या पांचव्या हिश्श्यांत, यांपैकीं जें अधिक तेवढें पेरावयाची होती. त्या आश्रयपट्ट्यांत साध्या अळ्या जगाव्या, त्यांचे पतंग प्रतिकारक्षम पतंगांशीं जोडले जावे, आणि संततींत तो प्रतिकार विरून जावा, असा हेतु. पण पुष्कळ ठिकाणीं ती पुडी बांधावर पडली. ज्याच्या चार एकरांचें सारें वर्ष कपाशीवर, त्यानें अळीस मुद्दाम खाऊं घालण्यासाठीं कडेच्या ओळी कां सोडाव्या, हें त्यास समजेल अशा भाषेंत कितीकांनीं सांगितलें? फरदड घेऊन पीक लांबविण्याच्या चालीनेंहि अळीस आश्रय मिळाला हें खरें. पण त्याचेंहि मूळ समजुतीच्याच अभावांत आहे.

या साऱ्या इतिहासाचें तात्पर्य त्या एका पुडींत सामावलेलें आहे. टॉड यांच्या दोन अक्षरांपासून करुथर्स यांच्या यंत्रापर्यंत, शास्त्रानें शंभरांतील नव्याण्णवावा जोड साधला कीं नाहीं याची रात्रंदिवस चिंता वाहिली. ज्या कड्या जुळल्या नाहींत त्यांचीं तोंडें बंद करून चूक पुढें जाऊं दिली नाहीं. तीच काळजी शेवटच्या जोडाच्या वेळीं, म्हणजे प्रयोगशाळा आणि शेत यांच्या सांध्यावर, घेतली गेली नाहीं. आणि गणिताचा नियम येथेंहि तोच आहे: मागचे सारे सांधे उत्तम असले, तरी एक सांधा निसटला कीं धागा पुरा होत नाहीं. पटवाऱ्याचें दप्तर कुणब्यास वाचतां येत नसे, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्याचें नुकसान झालें. बीजांतील हें नवें दप्तर तरी, ज्याच्या शेतांत तें उगवतें, त्यास त्याच्याच मराठींत वाचून दाखविलें गेलें पाहिजे. तें काम यंत्र करीत नाहीं; तें लिहित्या-वाचत्या वर्गाचें आहे.